चार किलो हळद की तीन चमचे? भंडारा जिल्ह्यातल्या एका बोडीचे प्रकरण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसहा. फोनवर आवाज घाबरलेला होता. "सर, मासोऱ्या साऱ्या वर आल्या. तोंड काढून रायल्या. तीस-चाळीस तं मेल्याच."

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला जे छोटे खासगी तळे असते त्याला बोडी म्हणतात. मामा तलाव मोठे, मालगुजारांच्या काळातले; बोडी एखाद्या घरची. ही बोडी अर्ध्या एकराची होती, म्हणजे 20 गुंठे, सरासरी दीड मीटर पाण्याची. पाणी सगळे पावसाचे, वरच्या बांध्यांतून उतरून येणारे. जुलैत 1200 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडली होती : कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). खाद्य घरच्या गिरणीचा कोंडा आणि पेंड. बोडीचा मालक चाळिशीचा, हुशार, हाताने काम करणारा. त्याला इथे मी भाऊ म्हणतो, कारण प्रत्यक्षातही तसेच म्हणतो.

पोचलो तेव्हा आठ वाजले होते. पाळीवर मेलेले मासे ओळीने मांडून ठेवले होते, मोजायला सोपे जावे म्हणून. 41. त्यांतल्या निम्म्यांवर जखमेची खूणही नव्हती. पाण्यावर मात्र कडूनिंबाच्या डहाळ्या तरंगत होत्या, काळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या.

काय घडले ते मग हळूहळू उलगडले. पंधरा दिवसांपूर्वी बोडीतल्या मरळींच्या अंगावर लाल डाग दिसले होते. मरळ काही भाऊंनी सोडली नव्हती. सप्टेंबरच्या मोठ्या पावसात सांडव्यावरची जाळी वाहून गेली, तेव्हा धानाच्या बांध्यांतून ती आणि बारीकसारीक रानमासळी आत शिरली होती. "मरळी आपसात चावतात" म्हणून भाऊंनी दुर्लक्ष केले. मग डाग मृगळीवर आले, मग कटल्यावर. खवले गळाले, खाली रुपयाएवढी जखम, काहींची शेपटीकडची बाजू आतल्या काट्यापर्यंत सडलेली. पंधरा दिवसांत 17 मेले. भाऊंनी तालुक्याच्या गावातल्या दुकानातून "हर्बल" म्हणून एक बाटली आणली. हजाराच्या वर किंमत, लेबलावर पानाफुलांची चित्रे, आत काय किती आहे याचा एक शब्द नाही. फरक पडला नाही. मग कोणीतरी सांगितले की निंब टाका, निंबाने किडा मरतो. भाऊंनी झाडाच्या डहाळ्या तोडून चार पोती भरली, अंदाजे शंभर किलो, आणि बोडीत टाकून दिली. तीन दिवस आभाळ होते. चौथ्या पहाटे फोन.

प्राणवायू मोजला : लिटरला 1.8 मिलिग्रॅम. कटल्यासारख्या माशाला 5 च्या आसपास हवा, 3 च्या खाली तो त्रासतो. हिशोब अगदी सरळ आहे. या बोडीत 30 लाख लिटर पाणी. त्यात लिटरला एक मिलिग्रॅम प्राणवायू म्हणजे सगळा मिळून फक्त 3 किलो. शंभर किलो हिरवा पाला सडायला लागला की असे तीन-चार किलो तो सहज खाऊन टाकतो, आणि ढगाळ दिवसांत शेवाळाकडून भरपाई होत नाही. पंधरा दिवसांत रोगाने 17 मारले होते, औषधाने एका रात्रीत 41. या प्रकरणातली पहिली नोंद हीच आहे, आणि ती मी पुढे प्रत्येक ठिकाणी सांगत आलो आहे.

पहिले काम डहाळ्या उपसण्याचे. दोन माणसे, एक दोरी, दीड तास. मोटर लावून बोडीचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत बोडीत सोडले. दुपारी ऊन पडले आणि मासे खाली गेले.

जखम कशाची

आता मूळ रोगाकडे. सकाळचे पाणी 18.5 अंश, सामू (पीएच) 6.6, क्षारता लिटरला 34 मिलिग्रॅम. शेवटचा आकडा महत्त्वाचा. पावसाचे, लाल-मुरमाड जमिनीवरून आलेले पाणी मऊ असते; त्यात चुन्याचा अंश कमी, आणि अशा पाण्यात माशाच्या कातडीवरचा बुळबुळीत थर लवकर दुखावतो. एका जिवंत मृगळीच्या जखमेच्या कडेचा मांसाचा कण काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मांसात घुसलेले जाड, आडपडदे नसलेले तंतू. चित्र ओळखीचे होते. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला, पण तो आला तेव्हा थंडी संपत आली होती.

या रोगाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ईयूएस म्हणतात. आपल्याकडे व्रणरोग किंवा लाल डागांचा रोग. कारण ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स. दिसायला बुरशी, पण खरी बुरशी नव्हे. बटाट्यावरचा उशिराचा करपा आणि द्राक्षावरचा केवडा ज्या गटातले, त्याच गटातली ही माशांवरची जात. द्राक्षबागायतदाराला केवडा म्हटले की लगेच कळते : थंड, ओलसर हवा, पाण्यात पोहणारे बीजाणू, एकदा आत घुसला की वरून फवारून उपयोग कमी. तेच इथे. वीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात बीजाणू जोरात सुटतात, आणि नेमके तेव्हाच माशाचे रक्त थंड पाण्याबरोबर थंडावलेले असते, प्रतिकार मंदावलेला असतो. म्हणून हा हिवाळ्याचा रोग.

जपानमध्ये तो पहिल्यांदा 1971 मध्ये नोंदला गेला. 1972 मध्ये ऑस्ट्रेलियात, नंतर आग्नेय आशियात. भारतात 1988 च्या मे महिन्यात आसाम, त्रिपुरा, मेघालयाच्या बाजूने शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. मासळीबाजारात तेव्हा घबराट उडाली, लोक मासे विकत घेईनात. माणसाला हा रोग होत नाही, तरी जखमेचा मासा विकू नये, हे वेगळे. मरळ, वाम, रानमासळी यांना तो आधी धरतो. कटला, रोहू, मृगळ या मोठ्या कार्प माशांपैकी मृगळ आणि कटल्याला जास्त. सायप्रिनस बऱ्यापैकी तगून राहतो. भाऊंच्या बोडीतही सायप्रिनसवर एकही व्रण नव्हता, आणि हे त्यांनी माझ्याआधी पाहून ठेवले होते.

प्रतिजैविक द्यावे का? दुकानदाराने तीही पुडी सुचवलीच होती. जखमेत नंतर घुसणाऱ्या जिवाणूंवर काही होईल, मूळ रोगावर काही नाही. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी औषधे खाण्याच्या माशांसाठी भारतात बंदच आहेत, आणि बुरशीवर पूर्वी सर्रास वापरले जाणारे मॅलॅकाइट ग्रीनही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे. तिने या रोगासाठी सिफॅक्स नावाचे द्रावण काढले, हेक्टर-मीटर पाण्याला, म्हणजे एक हेक्टरवरच्या एक मीटर खोल पाण्याला, एक लिटर. पण ते त्या आठवड्यात आमच्या हाताशी नव्हते. हाताशी होता कळीचा चुना, आणि भाऊंच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, म्हणण्याप्रमाणे हळद.

चुना, हळद आणि कुंकू

आजीचे म्हणणे चुकीच्या जागेवरून आलेले नव्हते. जखमेला हळद हे आपल्या घराघरांत आहे, आणि चुना-हळद एकत्र करून तळ्यात टाकण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. आजीने चार किलो हळद काढूनही ठेवली होती, घरच्या वापरातली, दळलेली. मी नाही म्हणालो तेव्हा तिला ते आवडले नाही.

मग तिच्यासमोरच करून दाखवले. बशीत चिमूटभर हळद, त्यावर चुन्याची निवळी. क्षणात लालभडक. "हे काय झालं?" मी विचारले. "कुकू," ती म्हणाली, जणू मी काहीतरी वेडगळ विचारत होतो. कुंकू असेच करतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. मुद्दा तोच आहे. हळदीतले जे काम करणारे द्रव्य, कुरकुमिन, ते चुन्यासारख्या क्षारात रंग बदलते आणि तिथे फार वेळ टिकत नाही. उन्हातही विटते. पाण्यात तर ते जवळजवळ विरघळतच नाही. पिवळा गाळ तळाशी बसतो. आता प्रमाण बघा. चार किलो हळदीत साधारण तीन टक्के धरले तर 120 ग्रॅम कुरकुमिन. 30 लाख लिटरमध्ये ते टाकले तर एका लिटरला एका मिलिग्रॅमचा पंचविसावा भाग, तोही कागदावर. चुना-हळद टाकल्यावर मासे बरे होतात हे मी पाहिले आहे. पण माझे मत स्पष्ट आहे : काम चुना करतो, नाव हळदीचे होते.

चुन्याची मात्रा हेक्टरी 600 किलो, तीन हप्त्यांत. आमच्या 20 गुंठ्यांना 120 किलो, म्हणजे आठवड्याला 40. इतक्या मऊ पाण्यात 40 किलो कळीचा चुना एकदम टाकला तर सामू उसळतो आणि मासे भाजतात. म्हणून प्रत्येक हप्ता दोन सकाळींत वाटला, वीस-वीस किलो. आदल्या संध्याकाळी भिजवून, थंड करून, पातळ करून कडेकडेने. तिसऱ्या हप्त्यानंतर क्षारता 34 वरून 80 च्या जवळ आली, सामू 7.6 वर स्थिर झाला. हिशोबाने ती शंभरावर जायला हवी होती; उरलेला चुना तळाच्या आंबट गाळाने खाल्ला. बोडी दहा वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती.

वनस्पतींचे काम पाण्यात नाही तर खाद्यात, हे इथे ठरवले. बोडीत हजाराच्या आसपास मासे होते, सरासरी 200 ग्रॅम, म्हणजे दोन क्विंटल वजन. थंडीत मासा कमी खातो. वजनाच्या एक टक्का धरून रोज दोन किलो खाद्य. किलोला 5 ग्रॅम हळद आणि 10 ग्रॅम वाटलेला लसूण. म्हणजे दिवसाला 10 ग्रॅम हळद, चहाचे तीन चमचे. आजीने काढलेल्या चार किलोत हे 400 दिवस चालले असते. हळद आधी थोड्या जवसाच्या तेलात कालवली, कारण ती तेलात उतरते, पाण्यात नाही. लसूण वाटून दहा मिनिटे तसाच ठेवायचा, मग मिसळायचा. पाकळी ठेचल्यावरच त्यातले ॲलिसिन तयार होते आणि उकळले की जाते, म्हणून खाद्य शिजवून पूर्ण थंड झाल्यावर. मऊ गोळे, बांबूच्या टोपल्यांत, चार ठिकाणी पाण्यात सोडलेले. दुपारी दोनला, पाणी त्यातल्या त्यात उबदार असताना. तासाभराने टोपली उचलून बघायची, किती उरले.

टोपली उचलण्याने जे कळले ते मला कोणत्याही पुस्तकी वाक्यापेक्षा पक्के लक्षात राहिले. खात होते ते निरोगी मासे. जखमी मासा कडेला, गवताजवळ, एकटा उभा राहायचा आणि टोपलीकडे फिरकायचा नाही. ज्याला औषध हवे तोच खात नाही. म्हणून खाद्यातली हळद असो, गुळवेल असो की अश्वगंधा, ती फार तर अजून न पडलेल्याला आधार देते. आजाऱ्याचा इलाज म्हणून तिच्याकडे बघणे फोल आहे. ज्या जखमी माशांना हाताजाळ्यात धरता आले ते आम्ही काढून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. भाऊंना हे जिवावर आले होते. काही अर्ध्या किलोचे होते.

पुढचे आकडे असे. उपाय सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत, पुरलेले धरून, 44 गेले, तिसऱ्यात 6, चौथ्यात 2. संक्रांतीनंतर नवे लाल डाग दिसले नाहीत. जानेवारीच्या शेवटी सकाळचे पाणी 22 अंशांवर गेले आणि जुन्या जखमांवर काळपट नवी कातडी धरू लागली. मे महिन्यात बोडी ओढली तेव्हा 790 मासे निघाले. मोजलेले मेलेले एकूण 110. बाकीचे तीनशे पावसात सांडव्यावरून, बगळ्यांच्या पोटात, किंवा न दिसता गेले.

यातले श्रेय कोणाला किती? प्रामाणिकपणे वाटायचे तर पहिला वाटा उबेचा. हा रोग पाणी तापले की पुष्कळदा आपोआप ओसरतो. दुसरा चुन्याचा. तिसरा जखमी मासे काढण्याचा. हळद-लसणाचा वाटा या एका बोडीवरून मला वेगळा काढता येत नाही, कारण सगळे एकदमच केले होते. वनस्पतींवरचे बहुतेक दावे असेच तयार होतात. पाचवा उपाय केला, मासे वाचले, श्रेय पाचव्याला.

दुसरे वर्ष

म्हणून दुसऱ्या वर्षी थोडे शिस्तीने केले. मे महिन्यात बोडी आटली, पण मधल्या खोलगट भागात फूटभर पाणी राहिलेच, आणि त्यात मरळ. ती काढायला मोहाची पेंड वापरली. या भागात मोह मुबलक. तेल काढल्यावरच्या पेंडीत सॅपोनिन असते, ते माशाच्या रक्तपेशी फोडते. हेक्टर-मीटरला अडीच हजार किलोच्या हिशोबाने उरलेल्या पाण्यापुरती पेंड टाकली. दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि तीच पेंड खत होते. त्यानंतरच बीज सोडायचे. वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा मोहाची पेंड टाकलेले तळे पाहावे. आदिवासी भागात गेळाची फळे कुटून ओढ्यात टाकून मासे धरतात, ते याच ज्ञानाचे दुसरे टोक. निंबाचेही तसेच. त्यातले अझाडिरॅक्टिन किड्यांवर आणि कवचधारी बारीक जिवांवर चालते, म्हणून माशांच्या अंगावरच्या उवांवर लोक ते वापरतात. पण कटला ज्या सूक्ष्म प्राण्यांवर वाढतो तेही कवचधारीच. उवा मारताना त्याचे ताट रिकामे होते, याचा विचार कोणी करत नाही.

तळावर चुना, सांडव्यावर आणि पाणी आत येण्याच्या जागी दुहेरी जाळी, मृगळ कमी, सायप्रिनस जास्त. दिवाळी झाल्याबरोबर, थंडीच्या आधी, क्षारता मोजून चुना. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून हळद-लसणाचे खाद्य, पंधरा दिवस द्यायचे, पंधरा दिवस बंद. सतत देत राहिले तर प्रतिकारशक्तीला मिळणारी चालना बोथट होते, अशी नोंद अनेक प्रयोगांत आहे.

शिवाय बोडीतच दोन हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, बांधले, एकाच मापाचे, प्रत्येकी 30 मृगळ. एकात हळद-लसणाचे खाद्य, दुसऱ्यात साधे. निकाल? दोन्हींत रोग आलाच नाही. वाढही जवळपास सारखी. हळदीच्या हाप्यातले मासे पोटाकडून जरा पिवळसर दिसायचे, एवढेच. भाऊ म्हणाले, "मंग हळदीचा उपयोग नाही?" मी म्हणालो, असे नाही म्हणता येत, रोगच आला नाही तर ढाल चालली की नाही कसे कळणार. तीस-तीस माशांच्या दोन हाप्यांवरून तसेही काही सिद्ध होत नाही. मात्र एवढे म्हणता येते की जाळी, चुना आणि रानमासळी काढणे या तीन गोष्टी झाल्या तर हळदीवाचून चालले. उलटे, हळद आहे पण या तीन नाहीत, हे आम्ही पहिल्या वर्षी करून पाहिले नाही आणि पाहण्याची माझी इच्छाही नाही.

खर्चाचे म्हणाल तर हळद-लसूण घरचे, पूर्ण हिवाळ्यात किलोभरही हळद लागत नाही. त्यामुळे भाऊ ते चालू ठेवतात आणि मी अडवत नाही. बाटलीचे मात्र पुन्हा नाव काढलेले नाही. निंबाच्या डहाळ्या आता धानाच्या कोठीत जातात.

यंदाही दिवाळीनंतर चुना टाकायच्या दिवशी गेलो होतो. आजी पाळीवर बसली होती. चुन्याचा पहिला घमेला उचलायच्या आधी तिने पदराच्या गाठीतून चिमूटभर हळद काढून त्यात टाकली आणि बोटाने ढवळली. कड लाल झाली.

"लागला कुकू बोडीले," ती म्हणाली. "आता टाका."